युद्धावर गेलेल्या जर्मन आजोबांचा माग कसा काढावा

माझ्या सासूबाई १९४३ च्या मे महिन्यातल्या. त्यांच्या वडिलांनी त्यांना एकदाच पाहिलं, त्याच वर्षीच्या डिसेंबरात चौदा दिवसांच्या रजेवर आले तेव्हा. मग ते पूर्व आघाडीवर गेले ते परतलेच नाहीत. घरात त्यांचं म्हणून गणवेशातला एक फोटो, तीन पत्रं आणि कोर्टाचा एक कागद, एवढंच उरलं होतं. ‘ते स्टालिनग्राडला गेले’ हे वाक्य मी लग्न होऊन या घरात आल्यापासून ऐकत होते. एका रविवारी शाळेसाठी वंशवृक्ष काढताना माझ्या मुलानं विचारलं, “आई, स्टालिनग्राडची लढाई फेब्रुवारी १९४३ मध्ये संपली. मग पणजोबा डिसेंबरात रजेवर कसे आले?”

टेबलाभोवतीचे सगळे गप्प झाले. ऐंशी वर्षं त्या घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

पुढची अडीच वर्षं मी माझ्या आजेसासऱ्यांचा माग काढत होते. जर्मनीत राहणाऱ्या, जर्मन घरात सून किंवा जावई म्हणून आलेल्या आणि आपल्या मुलांना दोन्हीकडचे पणजोबा माहीत असावेत असं वाटणाऱ्या मराठी माणसांसाठी तो सगळा रस्ता इथे मांडते आहे. जर्मन बऱ्यापैकी येत असेल तर हे काम घरबसल्या होतं. त्याला चिकाटी लागते आणि थांबायची तयारी लागते.

१. आधी घर धुंडाळा

अर्ज-बिर्ज नंतर. आधी माळा, तळघर, बिस्किटांचे जुने डबे, बायबलची पानं. या गोष्टी शोधा:

– वेअरपास आणि सोल्डबुख. दोन्ही छोट्या पुस्तिका असतात आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. वेअरपास भरतीच्या नोंदणीच्या वेळी मिळायचा. प्रत्यक्ष सैन्यात दाखल झाल्यावर तो तुकडीकडे जमा व्हायचा आणि त्याऐवजी सैनिकाच्या खिशात सोल्डबुख यायचं. माणूस मेला तर तुकडी वेअरपास घरच्यांना पाठवायची. म्हणून घरात यातलं काय आहे, यावरूनसुद्धा पुष्कळ कळतं.
– ओळखबिल्ला. लंबगोल पत्रा, मधोमध भोकांची रेघ, दोन्ही अर्ध्यांवर तोच मजकूर. सैनिक पडला की खालचा अर्धा तोडून घ्यायचे, वरचा मृतदेहासोबत ठेवायचे.
– फेल्डपोस्टची, म्हणजे लष्करी टपालाची पत्रं, पाकिटांसकट. पाकीट टाकून नुसतं पत्र जपलेलं असेल तर निम्मी माहिती गेली.
– बव्हेरियासारख्या कॅथलिक भागात श्टेर्बेबिल्ड, म्हणजे मृत्यूनंतर छापलेलं छोटं कार्ड. त्यावर फोटो, हुद्दा, कधी कधी तुकडी आणि पडल्याचं ठिकाण असतं.
– फामिलियनश्टामबुख, म्हणजे लग्न-जन्म-मृत्यूच्या दाखल्यांची घरची वही.
– आनेनपास. नाझी काळात आपण ‘आर्य’ असल्याचं सिद्ध करायला लोकांना हा काढावा लागे. त्याच्यामागचा हेतू भयंकर होता. पण पूर्वजांच्या जन्मतारखा आणि गावं त्यात नीट लिहिलेली असतात.

फोटोंच्या मागची बाजू बघा. आमच्या फोटोमागे स्टुडिओचा शिक्का होता. त्या गावावरून त्यांचं सुरुवातीचं प्रशिक्षण कुठे झालं हे नंतर जुळवता आलं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना एक लक्षात ठेवा. ‘त्यांनी युद्धात काय केलं?’ असं विचारलं की दार बंद होतं. ‘रजेवर आले तेव्हा काय आणलं होतं?’, ‘कुणाच्या घरी उतरले?’, ‘आई पत्र कुठे बसून वाचायची?’ असं विचारा. सासूबाईंच्या आईनं सांगितलेली एक गोष्ट अशीच निघाली, की ते ‘सहाव्या आर्मीत’ होते. ती गोष्ट पुढे फार कामाला आली.

२. नाव, जन्मतारीख, जन्मगाव

या तीन गोष्टी पक्क्या नसतील तर पुढे एक पाऊलही टाकू नका. मी टाकलं, आणि माझा पहिला अर्ज ‘नोंद सापडत नाही’ म्हणून परत आला. चूक माझी होती. जुन्या जर्मन माणसांना दोन-तीन पाळण्यातली नावं असत आणि हाक त्यातल्या कुठल्याही नावानं मारली जाई. कागदावर ‘कार्ल हाइनरिश विल्हेल्म’ असणारा माणूस घरी नुसता विली असू शकतो. हाक मारायच्या नावाला रूफनामे म्हणतात आणि जुन्या दाखल्यांत बहुधा त्याच नावाखाली रेघ ओढलेली असते. सगळी नावं, दाखल्यात आहेत त्याच क्रमानं द्या. आडनावाची स्पेलिंगही बदलते: मायर आणि श्मिट ही आडनावं चार-पाच तऱ्हांनी लिहिली जातात.

जन्मगावाचा घोळ आणखी मोठा. नॉयश्टाट, नॉयकिर्शन, म्युलहाउझन अशा नावांची गावं जर्मनीत ठिकठिकाणी आहेत, त्यामुळे जिल्हा लागतोच. पूर्वेकडची कितीतरी गावं १९४५ नंतर दुसऱ्या देशात गेली. ब्रेसलाऊ आज व्रोत्सवाफ आहे, श्टेटिन श्चेचिन आहे, क्योनिग्सबेर्ग कालिनिनग्राड आहे. १९१२ सालचं मायर्स गॅझेटियर इंटरनेटवर फुकट बघायला मिळतं. जर्मन साम्राज्यातली गावं, त्यांचा जिल्हा आणि नोंदणी कार्यालय त्यात आहे. मी ते रोज उघडत होते.

दाखला काढायचा तो श्टांडेसआम्टमधून, म्हणजे नागरी नोंदणी कार्यालयातून. संपूर्ण जर्मन साम्राज्यात ही नोंदणी १ जानेवारी १८७६ पासून सक्तीची झाली, प्रशियात ऑक्टोबर १८७४ पासून. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. जन्माची नोंद ११० वर्षांनी, लग्नाची ८० वर्षांनी आणि मृत्यूची ३० वर्षांनी सर्वांना खुली होते. तोवर ती जोडीदाराला आणि सरळ वंशातल्यांनाच मिळते. सून या नात्यानं मला ती मिळत नव्हती, म्हणून अर्जावर सही नवऱ्याची घेतली. तुम्हीही नवरा, बायको किंवा मुलाच्या नावानं अर्ज करा, नाहीतर सासू-सासऱ्यांकडून मुखत्यारपत्र लिहून घ्या.

सैनिकाच्या मृत्यूची नोंद तो जिथे पडला तिथे शोधू नका. ती साधारणपणे त्याच्या शेवटच्या राहत्या गावच्या श्टांडेसआम्टमध्ये होते. गाव पूर्वेकडचं असेल तर ‘श्टांडेसआम्ट एक, बर्लिन’ इथे विचारा. तिथल्या उत्तराला खूप वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाकून ठेवा.

३. जुनं अक्षर वाचायला शिका

ही पायरी लोक टाळतात आणि तिथेच अडकतात. जुनी जर्मन पत्रं आज शाळेत शिकवतात त्या अक्षरात नसतात. कुरेंट नावाच्या तिरक्या लिपीत किंवा तिचंच शालेय रूप असलेल्या झ्युटरलीनमध्ये असतात. प्रशियाच्या शाळांत झ्युटरलीन १९१५ पासून आलं आणि १९४१ मध्ये नाझी सरकारनंच ते बंद केलं. आजचा चाळिशीतला जर्मन माणूस आपल्या आजीचं पत्र वाचू शकत नाही. आपल्या घरात मोडीतला कागद निघाला की आपण कसे त्याच्याकडे नुसते बघत बसतो, अगदी तसंच. माझ्या आजोळी पणजोबांची मोडीतली खतावणी होती. म्हणून नवऱ्याला जेव्हा स्वतःच्या आजोबांचं पत्र हातात घेऊन नुसतं बसलेलं पाहिलं, तेव्हा मला त्याचं दुःख लगेच कळलं.

पण मोडीच्या मानानं हे सोपं आहे. रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात अंदाज येतो. ‘ए’ हे अक्षर ‘एन’सारखं दिसतं. ‘यू’च्या डोक्यावर छोटी कमान असते, ती ‘एन’पासून वेगळी ओळखू यावी म्हणून. शब्दाच्या मधला ‘एस’ उंच काठीसारखा असतो, शेवटचा वळणदार. वर्णमालेचा तक्ता छापून टेबलावर चिकटवा आणि आधी ओळखीचे शब्द शोधा: तारीख, बायकोचं नाव, ‘प्रिय’, ‘तुझा’.

१९४४ च्या वसंतातल्या पत्रात एका शब्दाशी मी तीन संध्याकाळी झगडत होते. पहिलं अक्षर ‘त्स’चं, त्याच्यावर आलेला झोळ, मग दोन टिंबांचा ‘आ’, आणि शेवटी नुसत्या तिरक्या रेघांचं कुंपण. एका रेघेपासून दुसरी वेगळी करता येईना. मग शेवटचं अक्षर ‘एन’ नसून ‘ए’ आहे हे लक्षात आलं आणि शब्द उलगडला: ‘त्सेने’. दात. वाक्य होतं, ‘पोरीला दात किती आले ते लिही.’ सासूबाईंना मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी माझ्याकडून चष्मा मागून घेतला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

या पत्रांतला एक फसवा प्रकार सांगून ठेवते. तारखेच्या आधी ‘ओ. यू.’ अशी दोन अक्षरं दिसली तर ते गावाचं नाव समजून नकाशात शोधू नका. ‘ओर्ट्सउंटरकुन्फ्ट’ याचा तो संक्षेप, म्हणजे नुसतं ‘मुक्काम’. सेन्सॉरमुळे गावाचं नाव लिहायला बंदी होती.

४. पहिल्या महायुद्धातले पणजोबा

दोन महायुद्धांचे कागद पूर्ण वेगळ्या जागी आहेत. तुमचा माणूस १९१४ ते १९१८ च्या युद्धातला असेल तर तो कुठल्या राज्याच्या सैन्यात होता हे आधी ठरवा. तेव्हा प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बेर्ग यांची लष्करी दफ्तरं वेगवेगळी होती.

प्रशियाचं दफ्तर पॉट्सडामला होतं आणि एप्रिल १९४५ च्या बाँबहल्ल्यात त्यातलं बहुतेक सगळं जळून गेलं. प्रशियाच्या साध्या शिपायाची सेवापुस्तिका मिळवून देतो असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर आधी नीट चौकशी करा. बव्हेरियाचं नशीब चांगलं. तिथल्या सैनिकांच्या क्रीग्सश्टामरोलन नावाच्या नोंदवह्या म्युनिकच्या क्रीग्सआर्शीफमध्ये, म्हणजे युद्ध अभिलेखागारात शाबूत आहेत आणि अॅन्सेस्ट्री या वंशशोधाच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेल्या मिळतात. व्युर्टेम्बेर्गसाठी श्टुटगार्ट, बाडनसाठी कार्ल्सरूह, सॅक्सनीसाठी ड्रेस्डेनची राज्य अभिलेखागारं बघा.

सगळ्यांसाठी एक ठिकाण मात्र खुलं आहे: फेअरलुस्टलिस्टन. पडलेल्या, जखमी, बेपत्ता आणि कैद झालेल्या सैनिकांच्या या छापील याद्या ऑगस्ट १९१४ पासून १९१९ पर्यंत निघत होत्या, सुमारे ३१ हजार पानं. कॉम्पगेन या वंशशोधकांच्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी यातली सुमारे ८५ लाख नावं एकेक करून संगणकावर उतरवली. शोध फुकट आहे. ज्यांना आपण कधी भेटणार नाही अशा लोकांच्या पणजोबांसाठी अनोळखी माणसांनी रात्री जागून केलेलं हे काम आहे. मला त्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

यादी वाचताना: ‘गेफालन’ म्हणजे पडला. ‘फेअरमिस्ट’ म्हणजे बेपत्ता. ‘लाइश्ट फेअरवुंडेट’ म्हणजे किरकोळ जखमी. पण ‘गेफ्राइटर’ हा हुद्दा आहे. तो बघून माणूस कैद झाला असं समजू नका. यादीची तारीख ही छापल्याची असते, घटना त्याच्या कित्येक आठवडे किंवा महिने आधीची. आणि १९१७ च्या सुमारापासूनच्या याद्यांत रेजिमेंटचं नाव देणंच थांबलं.

कैद झालेल्यांची कार्डं जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसनं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत. त्यात एखाद्याच्या नावापुढे ‘अहमदनगर’ वाचलंत तर दचकू नका. ब्रिटिशांनी त्या युद्धात आपल्या नगरला (आजचं अहिल्यानगर) जर्मनांसाठी मोठी छावणी ठेवली होती. भारतातले जर्मन व्यापारी आणि मिशनरी तिथे होते, आणि जर्मन पूर्व आफ्रिकेतले कैदीही.

५. दुसरं महायुद्ध: बर्लिनचा अर्ज

वेअरमाख्तमध्ये, म्हणजे नाझी काळातल्या जर्मन सैन्यात सुमारे १ कोटी ८० लाख माणसं होती. त्यांच्यासाठीचं मुख्य दार एकच: बर्लिनच्या रायनिकेनडॉर्फ भागातलं संघीय अभिलेखागाराचं कार्यालय. हे कार्यालय १९३९ मध्ये युद्ध सुरू होताना सैनिकांच्या नातेवाइकांना माहिती द्यायला उघडलं होतं आणि त्याला पुष्कळ वर्षं ‘वास्ट’ म्हणत. १ जानेवारी २०१९ पासून ते बुंडेसआर्शीफमध्ये, म्हणजे संघीय अभिलेखागारात विलीन झालं. जुन्या लेखांत वेगळा पत्ता आणि वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका.

अर्जासाठी हे जमवा:

– सैनिकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव जिल्ह्यासकट
– मृत्यूची तारीख किंवा बेपत्ता झाल्याचा काळ. मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा निकाल असेल तर त्याची प्रत
– ओळखबिल्ल्यावरचा मजकूर जसाच्या तसा, टिंबं आणि तिरक्या रेघांसकट
– फेल्डपोस्ट क्रमांक, पत्राच्या तारखेसह
– शेवटचा पत्ता, बायकोचं किंवा आईवडिलांचं नाव
– अर्जदाराचं ओळखपत्र आणि नातं दाखवणारा कागद

माणूस जाऊन दहा वर्षं झाली असतील तर गोपनीयतेची मुदत संपलेली असते. मृत्यूची तारीख माहीतच नसेल तर जन्मापासून शंभर वर्षं मोजतात. म्हणजे बहुतेक आजोबांच्या बाबतीत अडथळा उरलेला नाही. शोधकामाचा आणि प्रतींचा खर्च पडू शकतो. उत्तराला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं, कारण अर्ज प्रचंड असतात. मधेच तोच अर्ज पुन्हा टाकू नका. आलेला संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि काही नवं सापडलं तर त्याच क्रमांकावर कळवा.

उत्तर येतं ते बहुधा एक-दोन पानांचं असतं. तुकड्या आणि तारखा, इस्पितळातल्या नोंदी, कैद किंवा मृत्यूची सूचना. साध्या शिपायांच्या मूळ फायली पुष्कळशा युद्धातच नष्ट झाल्या, त्यामुळे त्यांनी कुणाशी कसं वागलं, काय पाहिलं, हे त्यात नसतं.

सापळा इथे आहे. ओळखबिल्ल्यावर जी तुकडी कोरलेली असते ती बिल्ला दिला त्या वेळची, बहुधा प्रशिक्षणाची. माणूस पुढे चार वेळा बदली होऊन गेला तरी बिल्ला तोच राहतो. ती तुकडी शोधून तिच्याच लढायांचा नकाशा भिंतीवर लावलेले लोक मी पाहिले आहेत. आजोबा भलतीकडेच होते.

एसएसच्या आणि नाझी पक्षाच्या सभासदांच्या फायली बर्लिनच्याच लिश्टरफेल्डे भागात, संघीय अभिलेखागाराच्या दुसऱ्या इमारतीत आहेत. युद्धानंतर त्या अमेरिकनांच्या ताब्यात होत्या आणि १९९४ मध्ये जर्मनीकडे आल्या. हा अर्जही कराच. ‘आमचे आजोबा त्यातले नव्हते’ असं प्रत्येक घर म्हणतं. कागद बघून म्हणावं.

६. फेल्डपोस्ट क्रमांकावरून तुकडी

पाकिटावर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी पाच आकडी क्रमांक असतो. तुकडीचं नाव शत्रूला कळू नये म्हणून हा आकडा. क्रमांकांच्या याद्या आज उपलब्ध आहेत आणि त्यावरून कंपनी किंवा बटालियनपर्यंत पोचता येतं. पण तोच क्रमांक काही काळानं दुसऱ्या तुकडीला दिला गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. म्हणून पत्राची तारीख आणि क्रमांक ही जोडीच वापरा.

आमच्या तिन्ही पाकिटांवर एकच क्रमांक होता. तो एका पायदळ रेजिमेंटचा निघाला आणि त्या रेजिमेंटची डिव्हिजन १९४४ च्या उन्हाळ्यात रुमानियाच्या सरहद्दीवर होती, सहाव्या आर्मीत. ‘सहावी आर्मी’ वाचल्यावर मी खुर्चीतून उठले. स्टालिनग्राडला नष्ट झालेल्या सहाव्या आर्मीच्या नावानं १९४३ मध्ये नवी आर्मी उभी केली होती. २० ऑगस्ट १९४४ ला यासी-किशिनेव्ह भागात सोव्हिएत सैन्याचा हल्ला सुरू झाला, २३ ऑगस्टला रुमानियानं बाजू बदलली आणि ही दुसरी सहावी आर्मीही वेढली गेली. आजेसासूबाईंनी ‘सहावी आर्मी’ बरोबर सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांना मात्र सहावी आर्मी म्हटल्यावर एकच नाव माहीत होतं.

घरातली गोष्ट खोटी असते असं मी म्हणणार नाही. तिच्यात खरा धागा असतो, तो कागदावर ताणून बघावा लागतो.

डिव्हिजनची युद्धदैनंदिनी आणि अधिकाऱ्यांच्या फायली फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहेत. संघीय अभिलेखागाराच्या ‘इनवेनियो’ या शोधयंत्रावर तुकडीचं नाव टाकून काय काय आहे ते बघता येतं आणि काही गठ्ठे स्कॅन केलेलेही सापडतात. युद्धाच्या शेवटच्या वर्षाच्या दैनंदिन्या पुष्कळदा हरवलेल्या असतात.

तुमच्या आजोबांची तुकडी इटलीत असेल तर समोरच्या बाजूचाही इतिहास वाचा. तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या टायबर नदीच्या खोऱ्यातल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडमधल्या माणगावात त्यांचा पुतळा आहे. दोन्हीकडचं रक्त असलेल्या आपल्या मुलांना हे दोन्ही नकाशे शेजारी ठेवून दाखवता येतात.

७. मृत्यूची तारीख ३१ डिसेंबर १९४५ असेल तर

आमच्याकडच्या कोर्टाच्या कागदावर हीच तारीख होती. ३१.१२.१९४५, रात्री बारा वाजता. सासूबाई दरवर्षी वर्षाच्या शेवटच्या रात्री, बाहेर फटाके वाजत असताना, वडिलांसाठी मेणबत्ती लावायच्या.

ती तारीख खरी नव्हती. बेपत्ता माणसाला मृत जाहीर केल्याशिवाय बायकोला दुसरं लग्न करता येत नसे, वारसाहक्क अडून राही. म्हणून कोर्टं ‘टोडेसएर्क्लेरुंग’, म्हणजे मृत असल्याचा जाहीरनामा देत, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बेपत्तांसाठी कायद्यानं ठरवलेली तारीख म्हणून १९४५ चा शेवटचा दिवस लिहीत. तुमच्या कागदावर ही तारीख दिसली तर ती वंशवृक्षात ‘मृत्यू’ म्हणून लिहू नका. ‘बेपत्ता, अमुक महिना; मृत जाहीर, अमुक तारीख’ असं लिहा.

अशा वेळी जर्मन रेड क्रॉसची शोधसेवा, म्युनिक. त्यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी बेपत्तांच्या फोटोंचे दोनशेहून अधिक खंड छापले. सुमारे १४ लाख नावं, त्यातल्या जवळपास ९ लाखांचे फोटो, आणि मांडणी तुकडी व फेल्डपोस्ट क्रमांकानुसार. कैदेतून परतलेल्या सैनिकांना हे खंड दाखवत, ‘यातलं कुणी आठवतं का’ म्हणून विचारत. आमच्या घरातला तो गणवेशातला फोटो मला त्या खंडात, इतर अनोळखी चेहऱ्यांच्या रांगेत, पोस्टाच्या तिकिटाएवढा सापडला. आजेसासूबाईंनीच तो दिला असणार.

शोधसेवेकडे ‘गुटआख्टन’ही मागा, म्हणजे अभिप्राय. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांच्याबद्दल साथीदारांच्या जबान्या आणि तुकडीच्या हालचाली तपासून, बहुधा काय झालं असावं याचं लेखी मत त्यांनी कुटुंबांना पाठवलं होतं. आमच्या अभिप्रायात लिहिलं आहे की ऑगस्ट १९४४ च्या अखेरीस वेढा फोडताना झालेल्या लढाईत ते पडले असण्याची दाट शक्यता आहे. सोव्हिएत कैदेत गेलेल्यांच्या रशियातल्या फायलींच्या प्रतीही शोधसेवेकडे आल्या आहेत. तोही शोध त्याच अर्जात मागता येतो.

८. थडगं शोधायचं असेल तर

फोल्क्सबुंड ही १९१९ मध्ये सुरू झालेली संस्था परदेशातली जर्मन युद्धकबरस्तानं सांभाळते. तिच्या संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख टाकून दोन मिनिटांत शोध होतो, फुकट. बरेच जण इथूनच सुरुवात करतात, आणि मृत्यू नक्की माहीत असेल तर तेही बरोबर आहे. पण इथे नाव मिळालं नाही म्हणून माणूस जिवंत परतला असा अर्थ होत नाही. नावाच्या वेगळ्या स्पेलिंग टाकून बघा.

गावच्या चर्चसमोरचं युद्धस्मारकही वाचून या. त्यावरची नावं उतरवून ठेवणारा ‘डेंकमालप्रोयेक्ट’ नावाचा स्वयंसेवकांचा संग्रह आहे.

९. युद्धानंतरच्या फायली

आजोबा परत आले असतील तर त्यांची ‘एंटनात्सिफित्सिरुंग’ची, म्हणजे नाझीमुक्तीच्या चौकशीची फाइल राज्य अभिलेखागारात असू शकते. अमेरिकनांच्या प्रश्नावलीत १३१ प्रश्न होते: कुठली संघटना, कधी, कुठल्या पदावर, पगार किती. त्यावरून पाच वर्गांत माणूस बसवला जाई, मुख्य गुन्हेगारापासून निर्दोषापर्यंत. ही उत्तरं माणसानं स्वतःला वाचवण्यासाठी लिहिलेली असतात. शेजाऱ्यांची आणि पाद्रीबाबांची शिफारसपत्रंही तशीच. बर्लिनच्या पक्षफायलीशी ताडून वाचा.

तुकडी पोलंड, बेलारूस, युक्रेन, ग्रीस, सर्बिया इथे असेल तर एक शोध टाळू नका. नाझी गुन्ह्यांच्या तपासासाठी १९५८ मध्ये लुडविग्सबुर्गला केंद्रीय कार्यालय उघडलं, त्याच्या फायली तिथल्या संघीय अभिलेखागाराच्या शाखेत आहेत. तुकडीच्या नावानं विचारता येतं. साधं सैन्य या गुन्ह्यांपासून दूर होतं असं जर्मनीत अनेक दशकं मानलं जाई. १९९५ मध्ये हाम्बुर्गहून सुरू झालेल्या वेअरमाख्तच्या गुन्ह्यांवरच्या प्रदर्शनानं त्या समजाला मोठा तडा दिला आणि घराघरांत भांडणं झाली. आमच्या घरातही शांतता नव्हती. नवऱ्याचं म्हणणं होतं, एवढं खणू नये. मी म्हटलं, मुलाला अर्धा पणजोबा द्यायचा नाही. तुकडीच्या नावावर काही सापडलं तर ‘तुकडीनं केलं’ आणि ‘यांनी केलं’ यातला फरक कागदावर जेवढा आहे तेवढाच ठेवा. तो वाढवू नका आणि पुसूही नका.

१०. फोटो जगाला दाखवण्याआधी

जर्मनीत नाझी चिन्हांचं सार्वजनिक प्रदर्शन हा गुन्हा आहे. संशोधन, शिक्षण आणि इतिहासलेखनासाठी सूट आहे, पण गणवेशातला फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर किंवा फेसबुकवर तसाच टाकला की ती सूट सांगत बसावी लागते. चिन्हावर पट्टी मारून टाका. आपल्या घरात दारावर स्वस्तिक असतं, त्यामुळे आपल्या डोळ्यांना त्या फोटोतलं चिन्ह खुपत नाही, हे लक्षात ठेवा. माझ्या भारतातल्या एका मावशीनं तो फोटो हौसेनं सगळ्यांना पुढे पाठवला होता. तिला फोन करून समजावावं लागलं, आणि तिनं तो लगेच काढला.

मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आम्लरहित कागदी पाकिटात ठेवा. दोन्ही बाजू स्कॅन करा. प्रत्येक स्कॅनच्या नावात तारीख आणि कागद कुठून मिळाला ते लिहा. वर्षभरानंतर तुम्हाला स्वतःलाच आठवत नाही.

आमच्या बाबतीत कबर सापडलेली नाही. फोल्क्सबुंडच्या यादीत ते ऑगस्ट १९४४ पासून बेपत्ता म्हणून आहेत. त्या भागात अजूनही अवशेष सापडतात आणि ओळख मुख्यतः बिल्ल्यावरून पटते. म्हणून आमच्या माणसाच्या बिल्ल्याचा मजकूर आणि आमचा पत्ता संस्थेकडे देऊन ठेवला आहे. तुम्हीही द्या, आणि घर बदललंत तर नवा पत्ता कळवा. सासूबाई आता मेणबत्ती ऑगस्टच्या अखेरीस लावतात. पत्त्याच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्याखाली, त्यांच्या हातानं, नातवाचं.